खाली थंडी, वर ऊब : पुण्यातले सहा दिवस

शुक्रवार, ९ जानेवारी

आमच्या डोंबिवलीत थंडी पडते म्हणजे पंखा चारवरून दोनवर येतो. त्यामुळे दर जानेवारीत मी पुण्याला काकांकडे स्वतःला बोलावून घेते. संध्याकाळच्या गाडीने निघाले. कर्जतनंतर डब्यातल्या बायकांनी एकेक शाल काढली आणि लोणावळ्याला दार उघडताच चिक्कीवाल्याबरोबर गार हवाही आत शिरली. तेवढ्यानेच पैसे वसूल झाले.

काका एरंडवण्यात राहतात. वय ८४. वेधशाळेत म्हणजे सिमला ऑफिसात नोकरी, तिथूनच निवृत्त. तरीही रोज सकाळी वहीत किमान तापमान लिहिल्याशिवाय त्यांना चहा जात नाही. वहीत रकाने दोन : ‘घर’ आणि ‘टेकडी’. गुडघ्याने दगा दिल्यापासून दोन वर्षं ‘टेकडी’च्या रकान्यात नुसत्या आडव्या रेघा आहेत.

जेवण झाल्यावर त्यांनी माझ्या हातात काचेचा तापमापक ठेवला. त्याला दोरा बांधलेला होता.

“उद्यापासून तू जायचंस. हातात धरायचा नाही, फांदीला अडकवायचा. जमिनीपासून चार फूट. सावलीत. पाच मिनिटं थांबायचं, मग वाचायचं. वाचताना त्यावर श्वास सोडायचा नाही.”

“आणि विसरले तर?”

“तर नाही म्हणून सांगायचं. अंदाजे सांगायचं नाही. अंदाज सांगायला खात्यात वेगळी माणसं आहेत.”

काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या, “तिला झोपू दे. ती सुट्टीवर आलीय, ड्यूटीवर नाही.”

शनिवार, १० जानेवारी : वेताळ टेकडी

पावणेसहाला खाली उतरले. इमारतीच्या आवारातल्या कढीलिंबाला तापमापक अडकवला आणि वॉचमनच्या शेकोटीपासून लांब जाऊन उभी राहिले. साडेअकरा अंश. नाकाचा शेंडा माझा राहिला नव्हता.

लॉ कॉलेज रस्त्याच्या मागून टेकडीवर चढणाऱ्या बऱ्याच वाटा आहेत. अंधारातही त्यांवर रहदारी होती. पुण्यात पहाटे टेकडी चढणारा माणूस कधीच एकटा नसतो. त्याच्या मागे-पुढे कोणीतरी महानगरपालिकेवर बोलत चाललेलं असतंच. तिसऱ्या वळणापाशी मला जाणवलं की मफलर टोचतोय. चढणीने अंग तापलं असेल म्हणून दुर्लक्ष केलं. वर वेताळाच्या देवळाजवळ पोहोचले, एका धामणीच्या फांदीला दोरा अडकवला, पाच मिनिटं थांबले. पंधरा.

परत वाचलं. पंधराच. खालपेक्षा साडेतीन अंशांनी ऊब जास्त.

डोंगरावर जावं तशी थंडी वाढते, हे भूगोलात शिकलेलं. पण हिवाळ्यातल्या निरभ्र, वारा पडलेल्या रात्री जमीन भराभर निवते. तिला टेकलेली हवा गार होऊन जड होते आणि उतारावरून पाण्यासारखी ओघळत खोलगट जागी साठते. पुणं चहूबाजूंच्या टेकड्यांमध्ये बशीसारखं बसलेलं आहे. बशीत थंडी आणि काठावर ऊब. वेताळ टेकडीचा माथा समुद्रसपाटीपासून साधारण ८०० मीटर, तर शहर साडेपाचशेच्या आसपास. एवढ्या चढात ऋतू बदलल्यासारखं वाटतं.

उजाडल्यावर हे डोळ्यांनीही दिसलं. खाली कुठेतरी पाला पेटवला होता. धूर सरळ वर आला आणि एका उंचीवर जणू छताला डोकं आपटल्यासारखा आडवा पसरला. सगळ्या शहरावर तसलीच एक राखाडी चादर, वरून इस्त्री केल्यासारखी सपाट. तिच्यातून उंच इमारतींचे वरचे मजले तेवढे बाहेर. खालची माणसं ते सगळं नाकातून आत घेत होती आणि आम्ही वरून ‘काय छान धुकं आहे’ म्हणत होतो. (माझ्या शेजारच्या आजोबांनी फोटो काढून तसं लिहून पाठवलंसुद्धा.)

टेकडी या दिवसांत पिवळी असते. गवत वाळलेलं, त्यातलं कुसळी गवत सगळ्यात लबाड. त्याची कुसळं मोज्यात शिरतात आणि पीळ घेत घेत आत जातात. बी जमिनीत रुजवण्याची ती त्याची युक्ती आहे, माझा पाय ही त्याला जमीन वाटली एवढंच. सालईची झाडं पानं गाळून उभी होती. गिरिपुष्पाला गुलाबी फुलं यायला लागली होती. दिसायला सुंदर, पण हे बाहेरून आणून लावलेलं झाड. वनीकरणात टेकड्यांवर ते इतकं लावलं गेलं की आता बऱ्याच पुणेकरांना तेच इथलं मूळचं वाटतं. त्याच्याखाली फारसं काही उगवत नाही. खडकावर एक थिरथिरा शेपूट थरथरवत बसला होता. हा हिवाळी पाहुणा मला दरवर्षी भेटतो. तोच असेल असं मी धरून चालते.

मला खरं बघायची होती ती जमीन. धर्मानंद कोसंबींचे चिरंजीव दामोदर कोसंबी, गणिती आणि इतिहासकार, याच टेकडीच्या पायथ्याशी भांडारकर संस्थेजवळ राहायचे आणि या उतारांवर नेमाने फिरायचे. फिरताना त्यांची नजर खाली असायची, कारण त्यांना इथे अश्मयुगीन हत्यारं सापडत. नखाएवढी, गारगोटीची. ती गारगोटीही याच टेकडीने पुरवलेली. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थिजताना त्यात वायूंचे बुडबुडे अडकले, पुढे त्या पोकळ्यांमध्ये पाण्याबरोबर आलेली खनिजं साठली आणि खडक झिजल्यावर गारगोट्या होऊन बाहेर पडली. मग कुणीतरी ती उचलली, दुसऱ्या दगडाने तासली आणि तिने कातडं सोललं. वेताळ, म्हसोबा असल्या शेंदराच्या देवांचा आणि धनगरांच्या जुन्या पायवाटांचा संबंध कोसंबी याच चालण्यातून जोडत गेले. पुस्तकाइतकाच पायांवर विश्वास ठेवणारा हा इतिहासकार २९ जून १९६६ रोजी गेला.

मी अर्धा तास मान खाली घालून फिरले. बाटलीच्या काचा, बिस्किटाचे कागद, एक मुलाचा बूट. हत्यार काही सापडलं नाही, पण चुन्यासारखे पांढरे ठिपके असलेला एक दगड मिळाला. तो उचलला आणि परत ठेवला.

खाणीजवळच्या वाटेवर टेकडी वाचवण्याची हाक देणारा एक फाटका फलक होता. २०२३ मध्ये टेकडी फोडून रस्ता काढण्याविरुद्ध पुणेकर मोठ्या संख्येने चालले होते, त्या दिवसांतला असावा. पुण्यात मोर्च्यालाही चालायला जातात आणि चालायला गेलेले मोर्चाचं बोलतात.

उतरताना अचानक घोट्यांना गार लागलं. मग पोटऱ्या, मग गुडघे. नदीत उतरावं तसं मी थंडीत उतरत होते.

घरी आल्यावर काकांना आकडे दिले. त्यांनी लिहिले, चष्मा वर केला.

“गार लागलं म्हणालीस. कुठे?”

“घोट्यांना.”

“तुला कुठे ते नाही गं, टेकडीवर कुठे? किती उंचीवर?”

ते मी पाहिलं नव्हतं. काकांचा चेहरा बघून मला दहावीचा निकाल आठवला.

रविवार, ११ जानेवारी : पर्वती

म्हणून आज पर्वती. तिथे पायऱ्या आहेत, मोजता येतात.

पर्वतीला १०३ पायऱ्या असं सगळे सांगतात. माझ्या १०६ भरल्या. कुठला उंबरा धरायचा नाही हे मला कळलं नसावं. पायऱ्या रुंद, उतरत्या, हत्तीला चढता यावं अशा. रविवारी मात्र त्यांवरून घड्याळ लावून धावणारी मुलं वर-खाली करत होती आणि मी दर दहा पायऱ्यांनी थांबून दोऱ्याला तापमापक धरून उभी. एका काकूंनी विचारलं, “काय गं, काही नवस आहे का?” हो म्हणाले. समजावण्यापेक्षा ते सोपं होतं.

पायथ्याला बारा. चाळिसाव्या पायरीला बाराच. साठाव्याला साडेबारा. सत्तराव्याला सव्वातेरा, वर देवळाच्या भिंतीशी चौदा. म्हणजे आजच्या सकाळी पुण्याच्या थंडीचा काठ साधारण साठाव्या पायरीला लागत होता. पन्नाशी उलटल्यावर एखाद्या बाईला शोध लावल्याचा आनंद सहसा मिळत नाही. मला मिळाला.

वरचं देवदेवेश्वराचं मंदिर नानासाहेब पेशव्यांनी १७४९ मध्ये बांधलं. ज्यांच्या काळात मराठी घोडी अटकेपर्यंत गेली, तेच नानासाहेब पानिपतानंतर खचून इथे आले आणि २३ जून १७६१ रोजी इथेच वारले. पानिपत १४ जानेवारीचं. मधे पाच महिने. बातमी आली ती सावकारी भाषेत, मोती गळाले, मोहरा हरवल्या अशी. एक मोती त्यांचा थोरला मुलगा विश्वासराव, दुसरा चुलतभाऊ सदाशिवराव. शाळेत हे शिकताना ती भाषा मला चतुर वाटली होती. आता वाटतं, सरळ लिहायला हात धजला नसेल.

याच टेकडीवरून छप्पन्न वर्षांनी दुसऱ्या बाजीरावाने खडकीची लढाई पाहिली असं सांगतात. ५ नोव्हेंबर १८१७. बापू गोखले मैदानात आणि पेशवे पर्वतीवर. बारा दिवसांनी, १७ नोव्हेंबरला, इंग्रज पुण्यात होते. मी उत्तरेकडे बघितलं. खडकी सोडा, स्वारगेटच्या पलीकडचंही नीट दिसत नव्हतं. सगळं त्या राखाडी चादरीखाली. इथून लढाई दिसणार तरी कशी, असं मनात आलं आणि घरी येऊन काकांना तसं म्हटलंसुद्धा. पुराणातली वांगी, असं त्यांनी म्हणावं अशी माझी अपेक्षा.

त्यांनी विचारलं, “लढाई किती वाजता झाली?”

“दुपारनंतर. अंधार पडेपर्यंत चालली.”

“मग दिसली असेल. दुपारपर्यंत जमीन तापते, खालची हवा वर उठते, साचलेलं सगळं मिसळून जातं. झाकण उघडतं. नोव्हेंबरात चार वाजता पर्वतीवरून सहा-सात किलोमीटर सहज दिसतं, मी स्वतः बघितलंय. सकाळी लढले असते तर बाजीरावाला नुसता धूर दिसला असता.”

“आणि सकाळी हरले असते तर?”

“ते आपल्या खात्याकडे येत नाही,” काका म्हणाले आणि वहीत ‘पायरी ६०’ असं लिहिलं. समोर कंसात ‘अंदाजे नाही’.

दुपारी झोपले. संध्याकाळी सारसबागेत गेले, पण त्यात सांगण्यासारखं काही नाही. तिथला गणपती एके काळी तळ्यात होता, आता त्याच्याभोवती भेळेच्या गाड्या आहेत.

सोमवार, १२ जानेवारी : सिमला ऑफिस, पाताळेश्वर

काकांनी स्वतःच जाहीर केलं की आज ते येणार. रिक्षाने. काकूंनी त्यांना कानटोपी, स्वेटर आणि वर शाल असं बांधून दिलं. पार्सलवर पत्ता तेवढा लिहायचा राहिला.

शिवाजीनगरच्या चौकाला पुणेकर अजून सिमला ऑफिस म्हणतात आणि बाहेरून आलेल्या मुलांना इथे सिमल्याचं काय, असा प्रश्न पडतो. हवामान खात्याचं मुख्यालय सिमल्याला होतं, ते १९२८ मध्ये पुण्यात आलं. खात्याबरोबर ते नावही आलं आणि चौकाला चिकटलं. मनोऱ्याची ती दगडी इमारत बघत काका रस्त्याच्या या बाजूला उभे राहिले. आत जायला त्यांनी नकार दिला. “आता तिथे मला ओळखणारं फक्त झाड असेल.”

मग रस्त्यावरच तास भरला. किमान तापमापकात पारा नसून मद्यार्क असतो आणि त्यात एक बारीक कांडी. थंडी वाढली की आकसणारा द्रव कांडीला मागे ओढतो. ऊब वाढली की कांडीला तिथेच सोडून पुढे जातो. रात्रभरात सगळ्यात खाली कुठे गेला होता, ते कांडी सकाळपर्यंत धरून ठेवते. साडेआठला माणूस येऊन वाचतो, लिहितो आणि कांडी परत जागेवर आणतो.

“पुण्यातली सगळ्यात कमी नोंद?”

“एक पूर्णांक सात. १७ जानेवारी १९३५. मी तेव्हा जन्मलो नव्हतो,” हे त्यांनी अशा सुरात सांगितलं की जणू रजेवर असल्याने एक मोठा प्रसंग चुकला.

मी म्हणाले, आज विवेकानंद जयंती, परवा संक्रांत. त्यावर त्यांना आणखी एक आठवलं. विवेकानंद १२ जानेवारी १८६३ ला जन्मले, तो दिवस संक्रांतीचा होता. संक्रांत साधारण बहात्तर वर्षांत एक दिवस पुढे सरकते. “म्हणजे पानिपताच्या वर्षी ती दहा जानेवारीच्या आसपास आली. लोक म्हणतात पानिपतावर संक्रांत कोसळली, ती म्हण म्हणून ठीक. चौदा तारखेला संक्रांत नव्हती. होऊन गेली होती.”

इतक्या वर्षांत मला हे कोणी सांगितलं नव्हतं. संक्रांत उपाशी छावणीतच उलटली आणि त्यानंतर चार दिवसांनी ते मरायला बाहेर पडले. काका पुढे पाताळेश्वराकडे निघालेसुद्धा होते.

जंगली महाराज रस्त्यावर वाहनांचा आवाज, आणि त्याला लागून पंधरा-वीस पायऱ्या खाली आठव्या शतकातलं लेणं. राष्ट्रकूटांच्या काळातलं. त्याच काळातल्या, इ. स. ७५८ आणि ७६८ च्या ताम्रपटांमध्ये ‘पुण्य विषय’, ‘पुनक विषय’ अशी नावं येतात. पुण्याचा लेखी जन्मदाखला म्हणायचा तर तो. वेताळ टेकडीवर पाहिला तोच काळा पाषाण इथे वरून खाली कोरत नेलाय. गोल नंदीमंडप तर असा की दगडाची छत्री उघडून ठेवावी. आत अपुरे राहिलेले भाग आहेत. छिन्नी जिथे थांबली तिथेच ती थांबलेली आहे.

काकांनी नंदीला नमस्कार केला आणि मला खूण केली. गाभाऱ्याच्या बाहेर, खांबाच्या सावलीत. एकवीस. बाहेर झाडाखाली सतरा. जाड खडकाला रात्र आणि दिवस फारसे कळत नाहीत, म्हणून हिवाळ्यात लेणं उबदार आणि उन्हाळ्यात गार. पुजाऱ्यांनी आमच्याकडे संशयाने पाहिलं. काकांनी त्यांना आकडा सांगितला. त्यांनी तीर्थ दिलं.

मंगळवार, १३ जानेवारी : कवडीपाट, भोगी

शेजारची एक मुलगी पक्षी बघते. तिच्या स्कूटरवर मागे बसून पहाटे सोलापूर रस्त्याने कवडीपाटला गेले. वीस किलोमीटर. हडपसरनंतर माझ्या गुडघ्यांशी संवाद तुटला.

लोणी काळभोरच्या अलीकडे मुळा-मुठेवर जुना बंधारा आहे, पाण्याच्या पातळीला टेकलेला. नदी इथे येते तेव्हा सगळं पुणं आणि पिंपरी-चिंचवड धुऊन आलेली असते. बंधाऱ्याखाली साबणाचा फेस, गुडघाभर उंच, वाऱ्याने त्याचे गोळे उडत होते. वास मी लिहीत नाही.

आणि त्याच पाण्यात पाखरं! चक्रवाक जोडीने उभे, केशरी-सोनेरी अंगाचे. लडाख-तिबेटात पिल्लं वाढवून हिवाळ्याला खाली येणारे. संस्कृत कवींनी रात्रीच्या विरहासाठी राखून ठेवलेला हा पक्षी चपलेच्या तळव्यावर पाय ठेवून पिसं साफ करत होता. शेकाट्या लाल काड्यांवर चालत होते. हळदीकुंकू बदकं होती. त्या मुलीला सगळ्यांची इंग्रजी नावं पाठ, पण ‘हळदीकुंकू’ ऐकून तिने दुर्बीण खाली केली. चोचीच्या बुडाशी लाल, टोकाला पिवळं. “नाव ठेवणारी बाईच असणार,” ती म्हणाली. धोबी पक्षी फेसाच्या कडेने शेपट्या आपटत हिंडत होते. नावाला जागून अगदी योग्य ठिकाणी.

घाण पाण्यात किडे, अळ्या भरपूर, म्हणून काही पक्ष्यांना ती मेजवानी असते. आपल्याला आवडत नाही म्हणून ते यायचे थांबत नाहीत. याचा आनंद मानायचा की काय, हे मला परत येईपर्यंत ठरवता आलं नाही. तापमान नदीकाठी साडेनऊ. सहा दिवसांतलं सगळ्यात कमी. काका खूश.

घरी भोगीची भाजी शिजत होती : गाजर, वांगं, पावटा, सोलाणे, बोरं, वर तिळाचं कूट. तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकरी. मी नदीबद्दल सांगत होते, तेव्हा भाकरी थापता थापता काकूंनी विचारलं, “मुठेला आता पाणी असतं तरी का?” आणि मग स्वतःच सुरू झाल्या. चाळीस वर्षं या घरात येतेय, त्यांच्या तोंडून हे कधी ऐकलं नव्हतं.

१९६१. बारा जुलै, बुधवार. काकू बारा वर्षांच्या. वाडा शनिवार पेठेत, ओंकारेश्वरापासून हाकेच्या अंतरावर. शाळा मधेच सुटली. धरण फुटलं असं लोक म्हणत होते, पण अशा आवया पावसाळ्यात उठतच. पानशेत फुटलं होतं आणि ते पाणी खडकवासल्यालाही झेपलं नाही. लकडी पुलावरून पाणी गेल्याचं ऐकलं तेव्हा काकूंच्या वडिलांनी कागदपत्रांची पेटी घेतली, धाकट्याला कडेवर घेतलं. आईने काय घ्यावं? भरलेली तांब्याची कळशी.

“अण्णा ओरडले, अगं पूर येतोय आणि तू पाणी कसलं घेतेस! पण तिने सोडली नाही. तशीच कळशी कमरेवर घेऊन चालत पर्वतीपर्यंत आली. पायऱ्यांवर माणसंच माणसं. आम्हाला खालचं सगळं दिसत होतं. गढूळ, तपकिरी, पत्र्याचे पत्रे वाहत होते. आमचा वाडा कुठला ते ओळखू येईना. रडत कोणी नव्हतं. नुसते बघत होते.”

भाकरी तव्यावर फुगली. काकूंनी ती काढून विस्तवावर धरली.

“रात्री पाणी ओसरलं. आणि दुसऱ्या दिवसापासून नळाला थेंब नाही. धरणच नाही तर नळ कुठून येणार? घरात चिखल, विहिरीत चिखल. दोन दिवस आम्ही सगळे त्या कळशीवर काढले. शेजारचे दोन लहान मुलगेसुद्धा.”

दाराशी काका उभे होते. त्यांनाही बहुधा हे नवीन असावं.

“तू कितव्या पायरीवर होतीस?”

“कोण मोजतंय!” काकू म्हणाल्या. “पानं घ्या.”

बुधवार, १४ जानेवारी : सिंहगड

संध्याकाळी परतीची गाडी, दुपारी गुळपोळी चुकवायची नाही. म्हणून पहिल्या बसने सिंहगड पायथा आणि आतकरवाडीतून चढायला सुरुवात. काकांनी आदल्या रात्रीच भविष्य सांगितलं होतं : वेताळाचं गणित इथे चालणार नाही. सिंहगड १३०० मीटरवर, थंडीच्या बशीच्या काठापेक्षा खूप वर. “मधे ऊब लागेल, मग परत गार होत जाईल. वर वारा असेल. तीन ठिकाणी नोंद हवी. पायथा, मध्य, माथा.”

पायथ्याला साडेदहा. मधल्या टप्प्यावर, जिथे एक मावशी काकडी आणि आवळे घेऊन बसतात, तिथे साडेचौदा. मावशींनीच त्यांच्या झोपडीच्या खांबाला अडकवू दिला. “वर गारठा हाय,” त्या म्हणाल्या. तापमापकाशिवाय.

पुणे दरवाज्यातून आत गेले तेव्हा आठ वाजून गेले होते. वारा होताच. दख्खनच्या वाऱ्याला दमट असं काही ठाऊक नाही. तो कोरडा, हाडं मोजणारा. तोरणा आणि राजगड स्पष्ट दिसत होते, खाली खडकवासल्याचं पाणी कथलाच्या पत्र्यासारखं. त्यामागे कुठेतरी पानशेत. कालची कळशी डोक्यातून जात नव्हती.

तानाजींच्या स्मारकाशी सहलीची मुलं रांगेत बसली होती आणि त्यांच्या बाई घोरपडीची गोष्ट सांगत होत्या. मला आज घोरपडीपेक्षा वेगळंच सुचत होतं. ४ फेब्रुवारी १६७०, माघ वद्य नवमी. वद्य नवमीचा चंद्र मध्यरात्र उलटल्यावर उगवतो. तोवर अंधार. त्या अंधारात मावळे कड्याला चिकटून चढत होते तेव्हा खडक किती गार असेल? बोटं बधिर झाली की पकड सुटते. मला पर्वतीच्या पायरीवर हातमोजे घालूनही दोऱ्याची गाठ सुटत नव्हती. पोवाड्यात तलवारी असतात, बोटं नसतात.

मग भूक लागली. एका झोपडीत चुलीपाशी जागा मिळाली. पिठलं, भाकरी, वांग्याचं भरीत, ठेचा, मडक्यातलं दही. रांधणारीच्या हातावर तिळाचे दोन लाडू ठेवले, तिने माझ्या हातावर दोन ठेवले. बाहेर कट्ट्यावर ऊन आलं होतं. उन्हात पाठ देऊन बसले, मोज्यांतली कुसळं वेचली, डोळे मिटले. किती वेळ गेला माहीत नाही.

तापमापक शेजारी कट्ट्यावर होता. उन्हात. बत्तीस दाखवत होता.

दीड वाजता घरी पोहोचले. काका वही उघडून बसलेच होते. पायथा सांगितला, त्यांनी लिहिला. मध्य सांगितला, लिहिला.

“माथा?”

“काका, वर खूप गार होतं. अकरा-बारा सहज असेल.”

“वाचलंस का?”

“उन्हात राहिला. बत्तीस होता.”

त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग पेन उचललं आणि ‘माथा’च्या रकान्यात एक आडवी रेघ मारली. पट्टी लावून.

काकूंनी तिळगूळ पुढे केला. “गोड बोला,” त्या म्हणाल्या, काकांकडे बघून.